पहिलटकरीण पिकअप

गाडी कॉलनीच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा मी विशाखाला वरणभात भरवत होते. हॉर्न ऐकला, वाटी ओट्यावर तशीच ठेवली आणि उष्ट्या तोंडाच्या पोरीला कडेवर घेऊन बाहेर धावले. माझ्यापुढे सासूबाई आणि त्यांच्यापुढे अर्धी कॉलनी. नाशिकरोडच्या आमच्या बैठ्या घरांच्या कॉलनीत कुणाची स्कूटर आली तरी माणसं बघायला जमायची. ही तर कोरी करकरीत पिकअप! हापूस आंब्यासारखी पिवळी, चपट्या नाकाची, मागे लोखंडी हौदा आणि मागची चाकं दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं. सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता. शोरूमवाला काढत होता, आबांनी काढू दिला नाही.

"टेम्पो आला! टेम्पो आला!" पोरं ओरडत होती.

"टेम्पो नाय रे, पिकअप!" आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हेवी डूटी. टेम्पो म्हणायचं नाय हिला."

आबा म्हणजे माझे सासरे, सावळीराम. सगळी हयात सरकारी प्रेसमध्ये छपाईच्या मशीनवर उभं राहून गेली आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांचा सगळा फंड आता चाकांवर बसून आमच्या दारात येत होता. स्टिअरिंगवर माझे यजमान, जयराम. सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीची सकाळ, हवेत चांगलाच गारवा, तरी ह्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला. शोरूमपासून घरापर्यंत मोजून दोन गिअरमध्ये आणली असावी.

घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटलं, सासूबाईंनी खीर वाटली. शेजारच्या वत्सलाबाई नारळ आणि लिंबू-मिरच्या घेऊनच आल्या होत्या.

"भिमाबाई, फोडा हो चाकापुढे. एवढ्या पैशाची वस्तू, नजर लागायची."

"द्या इकडं," सासूबाई म्हणाल्या. "नारळाची चटणी करते. मिरच्या पण तुमच्याच घालते."

सगळे हसले, वत्सलाबाईही हसल्या. पण जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्याच, "लता, तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. एवढ्या पैशात चालू हालतीतले दोन जुने टेम्पो आले असते ना गं? आणि वर थोडे उरले असते."

मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. हा हिशेब मी मनात इतक्या वेळा केला होता, की वत्सलाबाईंना दोन्ही बाजू तोंडपाठ म्हणून दाखवल्या असत्या. जुने टेम्पो स्वस्त, पण घाटात तापतात. ही महाग, पण जपानी बनावटीचं इंजिन. जुन्याला रोज मेकॅनिक, हिला गॅरंटी. असं सगळं सुरळीत मांडून झालं, की शेवटी किंमत आठवायची आणि मी हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. गाडी घ्यायच्या आधी रोज मांडायचे. त्या दिवशी मात्र मांडला नाही. त्या दिवशी मी त्या पिवळ्या दारावरून हात फिरवला आणि मला वाटलं, राहू दे ही. काहीही होवो, ही आपल्याकडे राहू दे.

त्याचं कारण गाडी नव्हती, हे होते. लग्न झाल्यापासून हे ठाण्याच्या एका कंपनीत लेथवर. महिन्यातून एखादा शनिवार यायचे, रविवारी संध्याकाळी परत. विशाखा पहिल्यांदा बसली, रांगली, तिला पहिला दात आला, ते सगळं मी ह्यांना तोंडी सांगितलं. लहानग्या पोरीबरोबर रात्री एकटीनं जागायचं आणि तिचा श्वास बघत बसायचं, हे मी कुणाला सांगत नव्हते. आता कंपनीनं मार्चअखेरपर्यंत बिनपगारी रजा दिली होती. आबांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं होतं, "द्राक्षाचा हंगाम हाय तवर बघू. गाडीनं नाव काढलं तर जयराम हितंच ऱ्हाईल. नाय तर मालेगावचा तो सुताचा व्यापारी घ्यायला टपलेलाच हाय. गाडी त्याला, अन् जयराम ठाण्याला."

म्हणजे गाडी राहिली तर हे राहणार. इतकं सरळ होतं ते.

पहिलं भाडं दिंडोरीकडच्या गोरक्षभाऊंचं. मोठे बागायतदार, बोलायला मोकळे, पांढरं धोतर आणि त्यावर कोट. त्यांची द्राक्षं मुंबईच्या मार्केटात भाड्याच्या ट्रकनं जायची आणि ट्रकवाले वेळेवर यायचे नाहीत. "टायमात पोचवली अन् माल नीट उतरला, तर हंगामाचा सगळा माल तुमचा," त्यांनी आबांना शब्द दिला होता. पहिल्या दिवशी मीही बागेवर गेले होते. विशाखाला धूळ लागेल, मधमाशी चावेल, मणी घशात अडकेल, अशा सगळ्या शंका घेऊनच गेले, पण गेले. बायका घड कापत होत्या, कागदाची कात्रणं घातलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत एकेक घड निजवत होत्या. खोकी हौद्यात चढू लागली आणि निम्मा हौदा भरला न भरला तोच आबांनी हात वर केला.

"बास!"

गोरक्षभाऊ चकित. "आबा, निम्मा हौदा रिकामा हाय की! अन् म्हनं हेवी डूटी?"

"पहिलटकरीण हाय ती. पहिलटकरणीला कुणी भरल्या घागरी उचलाया लावतं का? अजून तिचं अंग बसायचंय."

"मंग डोहाळजेवन बी करून घ्या तिचं! मी हिरव्या बांगड्या आनतो."

बागेतल्या बायका हसून हसून खाली बसल्या. आबा हसले नाहीत. त्यांनी ताडपत्रीची दोरी स्वतः बांधली आणि हौद्याच्या मागच्या फाळक्यावरचा धुळीचा ठिपका रुमालानं पुसला. मला त्यांचं पटलं होतं. नवी वस्तू जपूनच वापरायची असते, मीही विशाखाला अजून फरशीवर मोकळं सोडत नव्हते.

दोन दिवसांनी गोरक्षभाऊ आमच्या दारात आले ते हातात एक खोकं घेऊनच. मुंबईच्या आडत्यानं ते परत पाठवलं होतं. त्यांनी ओट्यावर खोकं उघडलं. वरचा घड उचलला तर हातात नुसता देठांचा सांगाडा आला आणि मणी खाली कात्रणांत गडगडत राहिले.

"सावळीरामआबा," गोरक्षभाऊ म्हणाले, "मी द्राक्षं धाडली व्हती. गोट्या नाय."

ह्यांचा चेहरा पडला. "मी पन्नाशीच्या वर काटा जाऊ दिला नाही, भाऊ."

"काटा मला नको सांगू. आडत्या म्हनतो, भाड्याच्या खटारा ट्रकात असं होत नाय. एवढी मोलाची गाडी, अन् माल गाळून ऱ्हायली?"

त्यांनी आणखी एक संधी दिली. दुसऱ्या फेरीला हे चाळिशीतच गेले, खड्डा दिसला की थांबून पहिल्या गिअरवर तो पार केला. बायकांनी कात्रणं दुप्पट घातली. आबांनी खोकी आणखी कमी चढवली. आणि मणी पहिल्यापेक्षा जास्त गळाले.

मग सगळ्यांनाच सल्ले सुचायला लागले. वत्सलाबाई म्हणाल्या, त्यांनी नारळ सांगितला होता. द्वारका चौकातला मेकॅनिक गाडीखाली जाऊन आला आणि म्हणाला, मागच्या स्प्रिंगचे पाटे फार कडक आहेत, दोन पाटे काढून टाकतो. शोरूमवाला म्हणाला, पाट्याला पाना लावला तर गॅरंटी गेली समजा. आबा कुणालाच हात लावू देईनात. आणि एका सकाळी मालेगावचे ते सुताचे व्यापारी आलेच. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर टकटक केलं, चहा घेतला. गोड बोलणारा माणूस.

"काका, गाडी चांगली आहे. तुमच्या धंद्याची नाही, एवढंच. माझ्या सुताच्या गाठी काय, आपटल्या तरी सूतच राहणार. विचार करा."

"येत्या रविवारी सांगतो," आबा म्हणाले.

मी चहाचे कप उचलत होते. हे भिंतीकडे बघत बसले होते. ठाण्याच्या खोलीवर परत जायचं, हे त्यांनी मनात धरलं आहे, ते मला त्या बसण्यावरून कळलं. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते कळेना. गाडीचाच आला असावा.

रविवारच्या आधी हरसूलला जाऊन येऊ, असं मीच म्हणाले. माझं माहेर हरसूलचं, वडील तिथं शाळेत शिक्षक. आईला गाडी दाखवायची राहून गेली होती आणि गाडी जाणारच असेल तर एकदा तरी तिनं बघावी. आबांना मणक्याचा त्रास होता, ते आले नाहीत. दारात उभं राहून ह्यांना चार वेळा "हळू" आणि मला पाच वेळा "पोरीला धर" म्हणाले.

जाताना गाडी रिकामी. त्र्यंबकपर्यंत ठीक होतं. पुढे डोंगराचा रस्ता लागला आणि गाडी अशी उडायला लागली, की माझं डोकं टपाला लागलं. मागे हौदा तर ढोल वाजवावा तसा वाजत होता. विशाखा घाबरून रडायला लागली. मी तिला छातीशी धरलं, शालीत गुंडाळलं, गाणं म्हटलं, काही उपयोग नाही. प्रत्येक खड्ड्याला तिचं रडं तुटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. मला वाटलं, पोट दुखत असेल. मग वाटलं, कान दुखत असेल. मग कपाळ गरम लागलं आणि मी ह्यांना म्हणाले, "परत फिरवा, हिला ताप आहे."

"लता, तू शाल काढ. शालीनं गरम झालंय तिला."

शाल काढली. कपाळ गार झालं. रडं तसंच.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. आईनं गाडीला प्रदक्षिणा घातल्यासारखं सगळीकडून पाहिलं, विशाखाला घेतलं आणि पोरगी लगेच हसली. ताप नाही, पोटदुखी नाही, काही नाही. जेवणं झाली. निघताना वडिलांच्या ओळखीचे झिपरूभाऊ गावित आले. डोंगरातला नवा तांदूळ घेऊन नाशिकच्या व्यापाऱ्याला विकायचा त्यांचा धंदा. त्यांची ठरलेली गाडी आली नव्हती.

"जावईबापू, रिकामेच जाता ना? माझी पोती न्या. भाडं देतो, फुकट नको."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आबा असते तर अर्धी पोतीसुद्धा चढली नसती. पण आबा नव्हते, आणि रविवारी गाडी जायचीच होती.

"भरा," हे म्हणाले. "सगळी भरा. एकदा बघू तरी, हेवी डूटी म्हणजे काय ते."

हमालांनी पोत्यांवर पोती टाकली. गाडीचा मागचा भाग हळूहळू खाली बसला. मला ते बघवेना. वाटलं, आता काहीतरी तुटणार.

काही तुटलं नाही. गाडी निघाली ती घुमत, जड, शांत. तोच रस्ता, तेच खड्डे. मी विशाखाला दोन्ही हातांनी घट्ट आवळून बसले होते, आता उडेल, मग उडेल म्हणून. घाट चढलो, उतरलो. त्र्यंबकचे डोंगर दिसायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं, की पोरगी कधीची गप्प आहे.

पहिल्यांदा मी घाबरले. खोटं कशाला सांगू? तिच्या नाकाजवळ बोट धरलं. श्वास गरम, संथ. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. गाढ झोपली होती. एवढ्यात एक मोठा खड्डा आला. मला दिसला होता तो, सकाळी याच खड्ड्याला माझं डोकं आपटलं होतं. गाडी खाली गेली, वर आली, पाळण्यासारखी. विशाखानं हूं की चूं केलं नाही.

"थांबवा!" मी ओरडले. "अहो, थांबवा गाडी!"

ह्यांनी करकचून ब्रेक लावला. "काय झालं? पोरगी?"

"झोपली आहे."

"अगं मग?"

"झोपली आहे हो! सकाळी ह्याच रस्त्यानं रडून रडून निळी झाली आणि आता झोपली आहे. ती तीच आहे, रस्ता तोच आहे, तुम्ही तसेच चालवताय. मग बदललं काय?"

ह्यांनी मागच्या खिडकीतून पोत्यांकडे बघितलं. मग दार उघडून उडीच मारली. मी झोपलेल्या पोरीसकट खाली उतरले. हे रस्त्यावर आडवे होऊन गाडीखाली बघत होते. एरवी धनुष्यासारखे ताठ वाकलेले पाटे आता दबून जवळजवळ सरळ झाले होते. ह्यांनी हात घालून चाचपलं.

"दबलेत," ते खालूनच म्हणाले. "लता, पाटे दबलेत! रिकाम्या गाडीत हे दबतच नाहीत गं. एवढ्या वजनासाठी केलेली गाडी, आणि आपण तिच्यात मूठभर खोकी टाकतोय. तिला वाटतं, आपण रिकामीच आहोत. धक्का पाट्यांनी खायच्या ऐवजी सगळा वर द्राक्षांना!"

"आणि दुसऱ्या फेरीला आबांनी आणखी कमी भरली..."

"...तर आणखी गळाले!"

आम्ही दोघं त्या सुनसान रस्त्यावर वेड्यासारखे हसत होतो. ह्यांचा शर्ट मातीनं भरलेला. मी इतकी हसले, की विशाखा जागी झाली आणि आमच्या तोंडाकडे बघायला लागली.

घरी मात्र सगळं सोपं नव्हतं. आबांनी तांदळाची पोती बघितली आणि आधी गाडीचे टायर बघितले, मग पाटे, मग ह्यांच्याकडे.

"मी नव्हतो म्हणून चढवलीस होय रं?"

आबांपुढे हे कधीच बोलत नसत. मग मी बोलले. सून म्हणून आले तेव्हापासून आबांना उलट बोलण्याची माझी ती पहिली वेळ, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

"आबा, तुमचं प्रेसचं मशीन जास्त कधी थरथरायचं? रिकामं फिरताना, का कागद लावल्यावर?"

आबांनी खिशात हात घातला. बिडी काढली, पेटवली नाही.

"सांगा की," सासूबाई दारातून म्हणाल्या. "आता का गप? रोज सांगायचे मला, रिकामं मशीन बोंबलतं म्हणून."

"ते मशीन येगळं, भिमा."

"वेगळं कसं? ते सरकारचं होतं म्हणून भरून चालवलंत. ही तुमची स्वतःची, म्हणून मांडीवर घेऊन बसलात. ही लता पोरीला भुईला पाय लावू देईना, अन् तुम्ही गाडीला. काय म्हणावं दोघांना?"

मला ते लागलं, पण त्या क्षणी मी आबांकडेच बघत होते. ते उठून गाडीपाशी गेले. हौद्याची कड धरून त्यांनी गाडी हलवायचा प्रयत्न केला. जड गाडी जागची हलली नाही.

"द्राक्षं पोत्यांवर ठेवायची म्हणता?" ते शेवटी म्हणाले. "गोरक्षभाऊ उभा करणार नाय. द्राक्षाच्या गाडीत दुसरा जिन्नस कुणी घालत नाय. वास लागतो."

"कांद्याचा लागतो," मी म्हणाले. "तांदळाला कसला वास? आणि तांदूळ कल्याणच्या व्यापाऱ्याला द्यायचा. झिपरूभाऊ निघताना म्हणत होते, तिथं भाव बरा आहे. वरची द्राक्षं मुंबईत उतरवायची आणि येताना तांदूळ कल्याणला. एका फेरीत दोन भाडी."

"हे बी अर्थशास्त्रात हाय का तुझ्या?"

"नाही," मी म्हणाले. "हे विशाखानं शिकवलं."

शनिवारी आम्ही गोरक्षभाऊंच्या बागेत गेलो, झिपरूभाऊंच्या होकारानं त्यांची पोती हौद्यात तशीच ठेवली होती. गोरक्षभाऊंनी पोती बघून हात जोडले. "तांदळावर द्राक्षं? आबा, लोक मला हसतील. लय माल गेला माझा, आता नाय."

"भाऊ, माल मुंबईला नेऊच नका," हे म्हणाले. "चार खोकी द्या. नाशिकरोडला जाऊन परत येऊ. मधला खडीचा रस्ता मुद्दाम घेऊ, पन्नाशीनं. तुम्ही माझ्या शेजारी बसा. परत आलो की तुमच्या हातानं खोकी उघडा. एक मणी गळाला, तर गाडी उद्या मालेगावला."

असं बोलताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला धसका बसला आणि अभिमानही वाटला. आधी काय वाटलं ते आठवत नाही.

गोरक्षभाऊंनी कोट काढून खांद्यावर टाकला. "चल तर. पण येक नाय, मूठभर गळाले तर सोडतो. देवाच्या झाडाला बी मणी गळत्यात."

आबा पुढे बसायला तयार होईनात. "मी मागं खोक्यांपाशी बसतो," म्हणाले, आणि मणका विसरून पोत्यांवर चढले. मी, विशाखा आणि सासूबाई बागेतच मांडवाखाली थांबलो. गाडी धुरळा उडवत गेली. तो धुरळा बसेपर्यंत मी बघत होते.

तो वेळ कसा गेला, विचारू नका. बागेतल्या बायकांनी चहा दिला, तो तसाच गार झाला. काय काय मनात आलं! खडीच्या रस्त्यावर पंक्चर, आबा वरून पडले, समोरून एस.टी. आली. मी इतक्या वेळा उठून रस्त्याकडे गेले, की सासूबाई वैतागल्या. "पोरीला इथं माझ्याजवळ सोड आणि जा तिकडे रस्त्यावरच उभी राहा." मी विशाखाला मऊ मातीत उभं केलं. ती द्राक्षाच्या खांबाला धरून उभी राहिली आणि मूठभर माती तोंडात घालायला निघाली. सासूबाईंनी हात धरला. मी ओरडले नाही. माझं लक्षच नव्हतं.

आधी हॉर्न ऐकू आला. लांबलचक, सारखा दाबलेला. मग पिवळा ठिपका. गाडी मांडवापाशी येऊन थांबली. हौद्यात आबा धुळीनं पांढरे झालेले, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि हसत होते. घरच्या फोटोतसुद्धा आबा हसत नाहीत.

"काय बसतीय गाडी! भिमा, गादीवर बसल्यावानी! खडीवरनं आलो अन् बिडी हातातनं पडली नाय!"

"आधी माल बघू," गोरक्षभाऊ म्हणाले. त्यांनी चारही खोकी मांडवाखाली एका रांगेत ठेवली. बायका कामं टाकून जमल्या. पहिल्याची दोरी सोडली, झाकण उचललं. घड देठाला धरून उचलला आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हलवला. हिरवा, गच्च, भरलेला. दोन मणी गळून मातीत पडले.

"दोन," गोरक्षभाऊ म्हणाले.

दुसऱ्यात एक. तिसऱ्यात काहीच नाही. चौथं खोकं मुद्दाम मागच्या कडेला, फाळक्याला लागून ठेवलं होतं. ते उघडताना मी पुढे सरकले. गोरक्षभाऊंनी घड उचलला, हलवला, पुन्हा हलवला, कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखा वाजवल्यासारखं केलं. बायका फिदीफिदी हसल्या. त्यांनी घडातला एक मणी तोडून तोंडात टाकला.

"गोड हाय," ते म्हणाले. "आता बोला, आज मुंबईला किती खोकी घेता?"

"हौदा भरून!" आबा वरूनच ओरडले. "पोत्यांवर जितकी बसतील तितकी! अन् जयराम, ताडपत्री मी बांधणार!"

त्यानंतरची धांदल काय सांगू! कातरणाऱ्या बायका, खोकी उचलणारे गडी, गोरक्षभाऊंच्या शिव्या आणि हाका. आबा प्रत्येक खोकं हातात घेऊन बघायचे, मगच चढवू द्यायचे. "खालची पोती सरळ! मधी फट नको!" असं ओरडायचे. मालेगावच्या व्यापाऱ्यांना रविवारी काय सांगायचं, हे कुणी बोललंसुद्धा नाही. बोलायची गरज नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी भरून झाली. हे हात-पाय धुऊन आले, डोक्याला रुमाल बांधला. मी डबा दिला, पाण्याची बाटली दिली, कसारा घाटाबद्दल सगळं सांगून झालं: ब्रेक बघा, समोरच्या लाइटकडे बघू नका, झोप आली तर गाडी बाजूला घ्या, गाडी आता जड आहे हे विसरू नका. हे निमूटपणे ऐकत होते. मग दार उघडता उघडता थांबले.

"लता, कल्याणला तांदूळ उतरला, की गाडी पुन्हा रिकामी होणार."

"हो मग?"

"रिकामी गाडी उडते, तूच शोधून काढलंस. म्हणून मी काय म्हणतो, कल्याणहून ठाणं काही लांब नाही. खोलीवर माझी ट्रंक आहे, गादी आहे, स्टोव्ह आहे. कंपनीतही सांगून येतो. येताना ते सगळं भरून आणतो."

जे तोंडात आलं ते मी बोलले, "स्टोव्हमधलं रॉकेल आधी काढून टाका. गादीला वास लागेल."

हे हसले आणि वर चढले. गाडी मांडवाबाहेर पडली, खडीच्या रस्त्याला लागली, खाली गेली, वर आली आणि जड, डौलदार चालीनं निघून गेली. गोरक्षभाऊंनी आम्हाला त्यांच्या ट्रॅक्टरनं फाट्यापर्यंत सोडलं, पुढे एस.टी.नं घरी आलो. घरी आल्याबरोबर मी विशाखाला फरशीवर सोडलं, कपाटाचा मधला कप्पा उघडला आणि त्यातल्या माझ्या साड्या काढून खालच्या कप्प्यात कोंबायला सुरुवात केली.